नदी सात चौकोन सरकली

आजवर मी चौतीस नद्या काढल्या, पंचवीस-तीस डोंगर उभे केले, आणि जंगलं किती लावली ते मोजायचं मी कधीच सोडून दिलं. पण एकाही सत्काराला मला कोणी बोलावलं नाही. रस्त्याच्या कडेला पाच रोपं लावून फोटो काढणाऱ्याला शाल मिळते. मी एका बैठकीत चार हजार सागवान लावतो, तर बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "पंखा बंद करा बरं, त्या खोलीत कोणी नाही." मी त्या खोलीतच असतो.

मी अमरावतीच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. पन्नाशी ओलांडली आहे, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला आहे, आणि दर रविवारी दुपारी जेवण झालं की मी संगणकावर लढाई खेळतो. ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नकाशाच्या एका टोकाला तुमची छोटीशी वस्ती असते, दुसऱ्या टोकाला शत्रूची. तुमचे मजूर लाकूड तोडतात, बोरं वेचतात, खाणीतून सोनं काढतात. त्यातून घरं बांधायची, सैन्य उभारायचं आणि समोरच्याला नेस्तनाबूत करायचं. इथे कोणी आपल्या पाळीची वाट बघत नाही, दोन्ही बाजूंचा कारभार एकाच वेळी धावत असतो. तुम्ही चहाचा घोट घेता तेवढ्यात शत्रू तुमची गिरणी जाळून गेलेला असतो.

खेळाडू म्हणून मी टाकाऊ आहे. हे मी विनयाने म्हणत नाही. माझे मजूर शेळ्यांमागे फिरत राहतात आणि मी हत्तीवरची झूल बघत बसतो. पण या खेळात एक सोय आहे. नकाशा आपला आपण बनवता येतो. रिकामी हिरवी जमीन मिळते, बारीक चौकोनांची, आलेखाच्या कागदासारखी. नदी कुठून न्यायची, खाण कुठे ठेवायची, डोंगराला वाट किती रुंद ठेवायची, सगळं आपल्या हाती. गेली पंचवीस वर्षं आठवीच्या वर्गाला 'ग्रामीण दृश्य' काढायला लावणाऱ्या माणसाच्या हाती कोणीतरी अख्खी पृथ्वी दिली. मी काय सोडतो!

माझा पहिला नकाशा म्हणजे अमरावती आणि अकोला. अकोला कशासाठी, तर तिथे माझा साडू राहतो. माझ्या बायकोची धाकटी बहीण त्याच्या घरी आहे. तो जमीनमोजणीच्या नोकरीत आहे आणि खेळात माझ्याहून दसपट बरा आहे. त्याला नकाशातून चकित करावं म्हणून मी महिनाभर खपलो. अमरावतीभोवतीचा जुना परकोट काढला, दरवाजे काढले, मोर्शीकडे संत्र्याच्या बागा लावल्या. अकोल्याच्या बाजूला नदी, काळी जमीन आणि दूरवर पांढराशुभ्र कापूस. इतकं देखणं काम झालं की मी ते शाळेत मुख्याध्यापकांना दाखवलं. ते म्हणाले, "छान. पण बोर्डाच्या परीक्षेला हे आहे का?"

रविवारी आम्ही दोघं खेळायला बसलो, तो अकोल्यात, मी अमरावतीत, कानाला फोन. दहा मिनिटांनी त्याचा आवाज आला.

"साडभाऊ, हे तुमच्याकडं काय लटकून राहिलं झाडाले?"

"संत्री. मजूर पाठवला की अन्न मिळते."

"अन् माह्याकडं पांढरं पांढरं काय होय?"

"कापूस."

"त्यातून काय मिळते?"

आता अडचण अशी होती की त्या खेळात कापूस कशालाच लागत नाही. मी तो केवळ शोभेसाठी पेरला होता.

"म्हणजे अमरावतीले संत्री अन् अकोल्याले देखावा," साडू शांतपणे म्हणाला. "चालू द्या."

तरीही हरलो मीच, आणि हरलो ते माझ्या परकोटामुळे. दरवाजे मी हुबेहूब काढले होते, म्हणजे अरुंद. माझे चार हत्ती एकदम बाहेर पडायला निघाले आणि दरवाज्यात एकमेकांना खेटून अडकले. मागे घोडेस्वार, त्यांच्यामागे भालेवाले, शेवटी लाकडाचा भारा घेतलेला एक मजूर. साडूची माणसं निवांत दुसऱ्या बाजूने येऊन घरं पेटवत होती आणि माझं सैन्य सणाच्या दिवशीच्या बाजारात अडकल्यासारखं जागच्या जागी उजवीकडे डावीकडे बघत होतं. त्या दिवशी मला नकाशाचं पहिलं शास्त्र कळलं. खऱ्या गावाची हुबेहूब नक्कल कधी करू नये. खरं गाव लढण्यासाठी केलेलं नसतं, ते आपोआप अडकत अडकत वाढलेलं असतं.

पुढचं शास्त्र मी मार खाऊन शिकलो. वाट इतकी अरुंद नको की हत्ती अडकेल, आणि इतकी रुंद नको की भिंत बांधायला कोणाला सुचणारच नाही. पहिली खाण घराजवळ असावी, म्हणजे नवशिक्याचा जीव जाणार नाही. दुसरी इतकी लांब असावी की तिच्यासाठी उंबरा ओलांडावा लागेल. डोंगर काढला तर त्यावर चढायला वाट ठेवावी. नाहीतर तो डोंगर नुसता पडद्यावर रंगवल्यासारखा दिसतो, आणि खेळणारा नकाशा काढणाऱ्याला शिव्या घालतो. झाडं फार देखणी लावू नयेत, त्यात शत्रू लपतो तसा आपला मजूरही हरवतो. ही सगळी अक्कल वापरून मी एक नकाशा केला. मधून वाहणारी नदी, नदीला एकच उतार, म्हणजे पायी ओलांडायची जागा, आणि उताराच्या तोंडाशी सोन्याची मोठी खाण. ज्याचा मजूर त्या खाणीपाशी आधी पोचेल त्याची अर्धी लढाई जिंकलेली. साडूने तो खेळून बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाला, "हे जमलं बुवा."

त्याच नकाशावरून आमचा वार्षिक सामना सुरू झाला. अमरावतीचे चार विरुद्ध अकोल्याचे चार. मैदान म्हणजे मधलं मूर्तिजापूर. तिथे अकोल्याच्या एका गड्याच्या मेहुण्याचा कॉम्प्युटर क्लास आहे आणि तो रविवारी बंद असतो. आमच्या बाजूने मी, एक दातांचा डॉक्टर, एक फुलझाडांची नर्सरीवाला आणि एक निवृत्त लाइनमन. तिकडून साडू आणि त्याच्या कचेरीतले तिघे. आठही जण असे की ज्यांना घरी कोणी काही विचारत नाही. दिवाळीनंतरचा रविवार ठरलेला, आणि नियम एकच. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांना रोडगे खाऊ घालायचे, तेही स्वतःच्या हाताने, कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजून, वर वांग्याची भाजी आणि तूप घातलेलं वरण.

पाच वर्षं ओळीने आम्ही रोडगे खाल्ले.

या पाच वर्षांत आमच्या डॉक्टराने माझ्या नकाशाबद्दल चकार शब्द काढला नाही. जिंकणारा माणूस जमिनीकडे बघत नसतो. तो रोडगा फोडून तूप ओतायचा आणि म्हणायचा, "डावपेच, लेकहो, डावपेच!" मी मान डोलवायचो. कारण डावपेच काय होते ते मला ठाऊक होतं. मी नदी सरकवत होतो.

थांबा, असं एकदम दचकू नका. आमच्या वऱ्हाडात दोन शेतांच्या मधल्या बांधाला धुरा म्हणतात. नांगरणीच्या वेळी नांगर धुऱ्याशी वळतो तेव्हा हात किंचित पलीकडे जातो, आणि एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, शेजाऱ्याच्या वावरात पडतं. कोणी मुद्दाम करत नाही. विचारलं तर बैलावर ढकलतात, आता ट्रॅक्टरवर. पुढच्या वर्षी आणखी एक तास. दहा वर्षांनी शेजारी धुऱ्यावर उभा राहतो आणि त्याला वाटतं, आपलं वावर धुवून बारीक झालं की काय. तुम्ही आमच्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, कोर्टाबाहेर चहा पिणाऱ्यांतले निम्मे या एका तासासाठी आलेले असतात.

माझ्या अंगात शेती नाही, पण रक्त तेच. दुसऱ्या वर्षी सामन्याआधी मी नकाशाची 'सुधारित आवृत्ती' काढायला बसलो. काठावरची झाडं जरा विरळ करायची होती. ते करताना नदीचा उतार खाणीसकट एक चौकोन अमरावतीकडे सरकला. देवाशपथ, चुकून. एडिटरमध्ये एका बाजूचं चित्र दुसऱ्या बाजूला आरशासारखं उमटवायची सोय असते, पण मी कलावंत, मी दोन्ही काठ हाताने काढतो. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी बोट मागे घ्यायला हवं होतं. बोट मागे आलं नाही. तिसऱ्या वर्षी आणखी दोन चौकोन. चौथ्या वर्षी दोन. पाचव्या वर्षीही दोन, आणि नंतर चहा. आमचा मजूर दर वर्षी खाणीपाशी जरा आधी पोचायला लागला. दातांचा डॉक्टर म्हणायचा की हा त्याच्या वेगवान बोटांचा प्रताप आहे. मी त्याला तो आनंद उपभोगू दिला. खेळाडू म्हणून माझी किंमत शून्य होती आणि नर्सरीवाल्याचा एक प्राध्यापक मित्र माझ्या खुर्चीवर टपून बसला होता. मी संघात होतो तो फक्त नकाशेवाला म्हणून. नकाशा गेला तर मूर्तिजापूरच्या रविवारी मी घरी बसून आठवीची ग्रामीण दृश्यं तपासणार, हे मला पक्कं माहीत होतं.

पाचव्या पराभवानंतर साडू आराशी उकिडवा बसून रोडगे फिरवत होता. पाच वर्षांच्या सरावाने त्याचे रोडगे असे खरपूस व्हायचे की बाहेरच्या माणसाला वाटावं हा आचारीच आहे. त्याने एक रोडगा उचलला, हातावर झेलत फुंकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "साडभाऊ, नदी किती रुंद हाये हो तुमची?"

"तेवढीच. का?"

"काही नाही. सवय हाये विचाराची."

महिन्याभराने मला मोबाईलवर नोटीस आली. कचेरीच्या भाषेत, परिच्छेद पाडून. 'लगतधारक यांस कळविण्यात येते की, मौजे नदीकाठ येथील हद्दीबाबत अकोला पक्षाने हरकत घेतल्याने येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता जागेवर प्रत्यक्ष मोजणी करण्यात येईल. आपण अभिलेखासह हजर राहावे. गैरहजर राहिल्यास काहीएक तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.' शेवटी एका ओळीत घरगुती मजकूर होता: मोजणीत नदी सरकलेली निघाली तर पुढचा नकाशा अकोला बनवेल.

रविवारी तो आला. सोबत त्याच्या कचेरीतला एक पंच, आमच्या बाजूने दातांचा डॉक्टर. साडूने पहिल्या वर्षापासूनच्या पाचही नकाशांच्या फायली जपून ठेवल्या होत्या. ज्या माणसाकडे स्वतःच्या लग्नाचा फोटो सापडत नाही, त्याच्याकडे माझ्या नदीचा जुना अभिलेख होता. त्याने आधी ओल्या फडक्याने माझ्या संगणकाचा पडदा पुसला. मग दोन्ही वस्त्यांतून एकेक निःशस्त्र मजूर उताराकडे चालत सोडला आणि मोबाईलवर वेळ लावली. पडद्यावरच्या मजुराची पावलं ऐकू येत होती. अमरावतीचा पोचला. खाणीपाशी उभा राहिला. कुदळ उचलली. तरी अकोल्याचा आपला झाडांमधून येतोच आहे, येतोच आहे.

"बिमार असन बिचारा," अकोल्याचा पंच म्हणाला.

मग साडूने पहिला नकाशा आणि पाचवा नकाशा शेजारी शेजारी ठेवून चौकोन मोजले. पेन्सिलीच्या टोकाने, ओठ हलवत. "सात."

मी उभा राहिलो. अशा वेळी बसून बोलू नये. "नदीचं पात्र बदलत असतं," मी म्हणालो. "भूगोलाचं कुठलंही पुस्तक काढा."

"बरोबर हाये," साडू म्हणाला. "पण दरवर्षी एकाच बाजूले? अन् दिवाळीच्या आधीच काहून?"

डॉक्टर माझा साक्षीदार होता. त्याने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. बायको पोहे घेऊन आली, तिने पडदा बघितला, माझा चेहरा बघितला, आणि बशा ठेवता ठेवता म्हणाली, "खाल्ली ना नदी? मले वाटलंच. ताटातली चटणीबी शेजारच्याच्या बाजूनं सरकवत जेवतात हे."

अशा प्रकारे घरच्या साक्षीवर माझी खुर्ची गेली.

पुढचा नकाशा साडूने केला. मी तो उघडला तेव्हा मला क्षणभर वाटलं की चुकून प्लॉट विक्रीची जाहिरात उघडली. चौकोनी जमीन. चार खाणी, चार कोपऱ्यांत. झाडं ओळीत, सारख्या अंतरावर. नदी नाहीच, कारण नदी सरकते. डोंगर नाही, कारण डोंगराची मोजणी अवघड जाते. दोन्ही बाजूंत केसाइतकाही फरक नाही. न्यायाच्या दृष्टीने त्या नकाशात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि खेळाच्या दृष्टीने पाय ठेवायला.

सामन्याआधी एका रविवारी आम्ही आठ जणांनी तो मूर्तिजापूरला खेळून बघितला. ज्याला त्याला जे लागतं ते दारातच होतं, त्यामुळे दाराबाहेर कोणी पडेना. सगळ्यांनी भिंती बांधल्या. मग भिंतीमागे भिंती बांधल्या. अर्ध्या तासाने नर्सरीवाला आपल्या वस्तीत झाडं किती उरली ते मोजत होता. तासाने निवृत्त लाइनमनची मान की-बोर्डवर टेकली आणि त्याचं सैन्य त्याच्याशिवाय तितक्याच शौर्याने उभं राहिलं. दोन तासांनी अकोल्याच्या एकाने विचारलं, "साहेब, लढाई कोठी हाये?"

"सुरू हाये ना," साडू म्हणाला.

"मले दिसून नाही राहिली."

मला त्या दिवशी जो आनंद झाला तो मी लपवला असं म्हणणार नाही. मी उठून सगळ्यांसाठी चहा सांगितला. लबाड नकाशावर पाच वर्षं लढाया तरी झाल्या होत्या. या सज्जन नकाशावर आठ प्रौढ माणसं आपापल्या कुंपणात बसून म्हातारी होत होती. माणसाने घर सोडावं असं काहीतरी लांबवर ठेवावं लागतं, थोडंसं अवघड, थोडंसं कमी-जास्त. सारखेपणा मोजून मिळतो. भूक मोजून मिळत नाही. ती लावणारा हात लागतो, आणि माझा हात कसला आहे ते आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

म्हणजे पेच असा झाला की साडूचा नकाशा कोणाला नको होता आणि माझा कोणाला परवडत नव्हता. तो माझ्या बायकोने सोडवला. दोघी बहिणी एका लग्नाच्या निमित्ताने आमच्याकडे होत्या, आम्ही दोघं साडू त्यांच्यासमोर नदीवरून भांडत होतो. बायको तांदूळ निवडत होती.

"तुमचं दोघाईचं वय मिळून शंभरच्या वर गेलं," ती म्हणाली. "आमच्या मोर्शीच्या बगीच्याची वाटणी झाली तवा काय केलं होतं आठवते का? मोठ्या काकानं हिस्से पाडले, अन् लहान्यानं आधी उचलला. मोठ्यानं तीन दिवस झाडं मोजली. एक संत्रं इकडचं तिकडं नाही झालं."

आमच्याकडे भावाभावांत वाटणी अशीच होते. जो हिस्से पाडतो त्याला निवडायचा हक्क नसतो. म्हणून हिस्से पाडणारा अचानक साधू होतो. साडू माझ्याकडे बघायला लागला, मी साडूकडे. मी थोरल्या बहिणीचा नवरा, तो धाकटीचा. हिस्से मी पाडायचे आणि उचलायचे त्याने, हे नात्यातच बसत होतं.

"नकाशा तुमी करा," तो म्हणाला. "बाजू आमी निवडू. खेळाच्या दिवशी, समोर, पाहून."

मिळाली खुर्ची परत. पण आता ती खुर्ची बसायला फार कडक निघाली. मी तीन महिने तो नकाशा करत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा दोन्ही वस्त्यांत सारखाच राहत होतो. एका बाजूला खाण जवळ दिली, तर तिचं जंगल लांब नेलं. दुसरीला डोंगर दिला, तर डोंगराला दोन वाटा ठेवल्या, म्हणजे मागून कोणी चढेल ही धास्ती फुकट. एकीला रुंद उतार, दुसरीला अरुंद पण उंच काठ. दोन्ही बाजू एकमेकींसारख्या मुळीच दिसत नव्हत्या, आणि कोणती घ्यावी हे मला स्वतःलाच ठरवता येईना. संगणकाला स्वतःशीच खेळायला लावून मी नुसता बघत बसायचो. एकदा ही बाजू, एकदा ती. एका दुपारी बायको मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मी तर इकडं राहीन." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, तिकडं पाणी जवळ हाये." मी ते कुठल्याही प्रशस्तिपत्रकापेक्षा मोठं मानतो.

सामन्याच्या दिवशी मूर्तिजापूरला मी नकाशा उघडला आणि अकोल्याचे चौघे खुर्च्या ओढून बसले. चाळीस मिनिटं. ते एकेक झाड बघत होते. साडूने उताराचे चौकोन मोजले, मग डोंगराच्या दोन्ही वाटा मोजल्या, मग पाण्यातले मासे मोजले.

"साडभाऊ, खोट कोठी हाये थे सांगून द्या. आपण घरचे मानसं."

"खोट नाही."

"नाही?"

"नाही."

त्याने आपल्या माणसांकडे वळून सांगितलं, "लय मोठी असन मंग."

शेवटी त्यांनी चिठ्ठी टाकून बाजू निवडली. आमच्या इमानदारीचा इतका घोर अपमान यापूर्वी कोणी केला नसेल.

खेळ अडीच तास चालला आणि असा चालला की लाइनमन एकदाही पेंगला नाही. डोंगर तीनदा हातून गेला आणि तीनदा परत आला. नर्सरीवाला एका लहानशा झाडीसाठी असा लढला की जणू ती त्याच्या नर्सरीतलीच. अकोल्याचे लोक खुर्चीतून उठून ओरडत होते. मी माझ्या हत्तींची झूल बघायची पार विसरलो. आणि मग आमच्या डॉक्टराला मोह झाला. पाच वर्षांच्या सवयीने त्याला वाटलं की उतारापाशी आपण आधी पोचतोच. त्याने भिंत न बांधता, मागे कोणी न ठेवता, सगळं सैन्य उतारात घातलं. आधी कोणीच पोचत नव्हतं. दोन्हीकडचे एकदमच पोचले. वरच्या काठावर साडूचे धनुर्धारी रांगेत उभे होते. पाच मिनिटांत अमरावती संपली.

रोडगे आम्ही केले. आम्हाला सराव नव्हता. बाहेरून कोळसा, आतून कणीक. साडूने एक फोडून बघितला आणि तो माझ्यासमोर धरून म्हणाला, "ह्याची मोजणी करू का?"

खाता खाताच पुढच्या वर्षीचं निघालं. नकाशेवाला कोण? हात वर करा म्हणाले. अकोल्याचे चारही हात माझ्यासाठी वर गेले, साडूच्या बोटांना वरण लागलेलं तसंच. अमरावतीच्या बाजूने मीच तेवढा हात वर केला. बाकीचे तिघे आपापल्या पत्रावळीत बघत होते. चार वर्षं मी ज्यांच्यासाठी नद्या हलवल्या, त्यांनी मला पाडलं. ज्यांना चार वर्षं मी बुडवलं, त्यांनी मला निवडून आणलं. आणि मनात मला ठाऊक होतं की दोन्ही पक्षांचं मत अगदी रास्त आहे.

परत येताना गाडी मी चालवत होतो. आमचे तिघे सोबत होते. बडनेरा यायच्या थोडं आधी डॉक्टराने घसा साफ केला.

"पुढच्या वर्षी नदी जराशी सरकवशीन?"

"कोण्या बाजूनं?" मी विचारलं. "बाजू ते निवडतात. त्यांच्याचकडं सरकन."

रस्त्याकडे बघत त्याने या गोष्टीचा बराच वेळ विचार केला. हा माणूस विचार करताना जबडा बाजूला सरकवतो, दिवसभर दुसऱ्यांचे जबडे बघून त्याला ती खोड लागली आहे. मग अगदी मनापासून, मुळीच न चिडता, त्याने विचारलं, "मंग आपल्याले तुह्या नकाशाचा उपेग काय?"

एवढ्या वर्षांत त्याने माझ्या नकाशाबद्दल विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता. मी गाडी जरा हळू केली आणि त्याला डोंगराच्या दोन वाटांपासून समजावून सांगायला सुरुवात केली. मागच्या सीटवर लाइनमनने काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं.